झोपलेल्यांना उठवण्याची नोकरी

माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी पोह्यांची बशी हातात घेता घेता विचारलं, "ताई, हॉस्पिटलात तुमचं नेमकं काम काय?" मी म्हटलं, "झोपलेल्या माणसांना उठवते." ते हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मुलीने मला कोपराने ढोसलं. पण मी सांगितलं ते अगदी खरं होतं, आणि पगारही मला त्याचाच मिळायचा.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी बारा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं दिली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मेंदूच्या पेशंटांचा आयसीयू सांभाळला. सहा खाटांचा विभाग, पण तिथे वचक असा होता की मोठे डॉक्टरसुद्धा चपला बाहेर काढायचे. "पेडणेकर सिस्टर आहेत का ड्युटीवर?" असं दारातून विचारून मगच आत येणारेही होते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मेंदूचा पेशंट झोपलाय की त्याची शुद्ध हरपत चाललीय, हे लांबून बघून कुणालाही सांगता येत नाही. दोन्ही दिसायला सारखंच. खाटेशेजारचं मशीन नाडी दाखवतं, रक्तदाब दाखवतं, श्वास मोजतं, पण माणूस आत जागा आहे का ते सांगत नाही. त्यासाठी सिस्टर लागते. दर तासाला जायचं, खांद्याला हात लावायचा, हाक मारायची. डोळे उघडा, नाव सांगा, कुठे आहात सांगा, आज वार कोणता, माझी दोन बोटं दाबा. डोळ्यांत टॉर्च मारायची. उत्तर नाही आलं तर खांद्याचा मांसल भाग चिमटीत धरून जोरात दाबायचा. हे सगळं कशासाठी ते पेशंटला ठाऊक नसतं. त्याला एवढंच दिसतं, की आता कुठे डोळा लागला आणि ही बया पुन्हा आली.

त्यामुळे शिव्या भरपूर खाल्ल्या, मराठीत, गुजरातीत, एकदा तर तुळूमध्ये. मुलुंडचे एक निवृत्त हेडमास्तर होते. चौथ्या वेळेला नाव विचारलं तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "बाई, गेल्या तासाला सांगितलं होतं. लक्ष कुठे असतं तुमचं?" मी नोंद केली, पेशंट पूर्ण शुद्धीत. तीन नंबरच्या खाटेवरचे एक शेठ मात्र शेजारच्या पेशंटची उत्तरं ऐकून पाठ करून ठेवायचे. शेजारचा घरी गेला तरी यांचा आपला रोज बुधवारच. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. "आज डब्यात भाजी कोणती होती?" असं विचारायला लागले. तिथे घोकंपट्टी चालत नाही.

निवृत्त झाले तरी हाताची सवय जात नाही. दुपारी नवरा जरा लवंडला की माझा हात त्याच्या खांद्याकडे जातो. तो तसाच डोळे मिटून म्हणतो, "मुलुंड, गुरुवार, दुधी. जा आता."

तर हा लेख लिहायला बसले तेव्हा कोणाबद्दल लिहू असा प्रश्न मला पडलाच नाही. धुरींबद्दलच लिहायचं होतं. त्यांच्या बाबतीत मी चुकले होते, आणि चुकूनही माझ्या पदरी आनंदच पडला, म्हणून.

गणपत धुरी, वय अठ्ठावन्न, राहणार घाटकोपरच्या डोंगरावरची एक चाळ. साकीनाक्याला बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या एका युनिटमध्ये तीस वर्षं कायमची रात्रपाळी. एक दिवस सकाळी कामावरून परत येताना डोंगराच्या पायऱ्यांवर ते उजवीकडे उजवीकडे कलायला लागले. भिंत धरून चालले, मध्येच बसून ओकले. बघणाऱ्यांनी ठरवून टाकलं, धुरी ढोसून आला. आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस. त्यांना ओकारीपेक्षा त्याचाच राग जास्त आला होता. घरी बायकोने पित्त म्हणून कोकमाचं पाणी दिलं आणि निजवलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला तोंडाकडे नेताना कानावर जायला लागला, तेव्हा रिक्षात घालून आमच्याकडे आणलं.

हा लहान मेंदूचा झटका. लहान मेंदू डोक्याच्या मागे, मानेच्या वर असतो. तोल सांभाळणं, हात नेमका जिथे न्यायचा तिथे नेणं, हे त्याचं काम. झटका म्हटला की लोकांना वाकडं तोंड आणि लुळा हात आठवतो. इथे तसलं काही होत नाही. चक्कर येते, ओकाऱ्या होतात, चाल बिघडते, आणि माणूस बोलत असतो छान. म्हणून कोणी पित्त म्हणतं, कोणी मान धरली म्हणतं, कोणी चढली म्हणतं, आणि दिवस निघून जातात. विक्रोळीची एक शिक्षिका अशीच पित्ताच्या गोळ्या खात तीन दिवस घरी राहिली होती. तिला आम्ही वाचवू शकलो नाही. तिच्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

खरा धोका झटक्यानंतर येतो, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. मेलेला भाग सुजतो. लहान मेंदू राहतो ती कवटीतली जागा चाळीतल्या खोलीसारखीच अडचणीची, तिथे सुजायला वाव नाही. सूज पुढे सरकते आणि मेंदूचा देठ दाबते. जाग आणि श्वास दोन्ही त्या देठाच्या हातात. शिवाय मेंदूतलं पाणी वाहून जायची वाटही तिथूनच जाते, ती मोरीसारखी तुंबते. आणि हे सगळं सुरू झाल्याची पहिली खूण काय, तर पेशंटला गाढ झोप लागते. झोप लागली की लगेच ऑपरेशन करायचं. मागच्या बाजूचं हाड काढून सुजेला जागा करून द्यायची. वेळेत झालं तर माणूस उठून घरी जातो. मोठ्या मेंदूच्या झटक्यात असं भाग्य क्वचित बघायला मिळतं, म्हणून मला या ऑपरेशनचं फार प्रेम.

आता धुरीवहिनींबद्दल सांगायला हवं. बारीक अंगाची, मालवणी बोलणारी बाई. एकुलती एक मुलगी कुडाळला सासरी, ती निघाली होती पण पोचायची होती. त्यामुळे वहिनी एकट्याच. आयसीयूत नातेवाइकांना बसू देत नाहीत, पण वहिनी दिसल्या नाहीत की धुरी नळ्या ओढायचे, म्हणून मी त्यांना स्टूल दिलं. ती माझी पहिली सवलत. अर्ध्या दिवसात त्या बाईने माझा आयसीयू ताब्यात घेतला. झाडूवाल्या मावशींना बादली उचलून न्यायला सांगितलं. खाटेचा कठडा वाजतो म्हणून त्यात कापूस कोंबला. डॉक्टरांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. माणसं त्यांचं ऐकायची, मीसुद्धा हळू बोलायला लागले होते.

कारण तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? रात्रपाळीच्या माणसाची बायको म्हणजे त्याच्या दिवसाच्या झोपेची राखणदार. एका खोलीत नवरा झोपलेला, बाहेर अख्खी चाळ जागी. त्या मला सांगत होत्या, की कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून त्या डाळ लावायला तीन घरं सोडून पलीकडे जायच्या. दुपारी मुलं गॅलरीत खेळायला लागली की त्यांना खाऊ देऊन खाली पाठवायच्या. मुलगी लहानपणी रडायला लागली की तिला घेऊन डोंगर उतरायच्या. घरात वस्तू खाली ठेवायची तर आधी करंगळी टेकायची आणि मग वस्तू, म्हणजे आवाज होत नाही. त्यांनी ते मला औषधांच्या ट्रेवर करूनही दाखवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी धुरींना उठवलं. कुरकुरत का होईना, सगळी उत्तरं दिली. भाजी पडवळाची. दोन वाजता गेले तर वहिनी स्टुलावरून उठून माझ्या आणि खाटेच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"आताच निजलेत, सिस्टर. रवांदे थोडा वेळ."

"वहिनी, मला उठवावंच लागेल."

"माझ्यावांगडा बोलले आता. तीन दिवस डोळ्याक डोळो नाय. तीस वर्सां मी तेंची झोप सांभाळलंय, माका कळता ना, बरी झोप खंयची ती."

मला हसू आलं आणि जरा भरूनही आलं. माझे वडील गिरणीत रात्रपाळीला होते. आम्ही भावंडं दुपारी खोलीत चवड्यांवर चालायचो, शिंक आली तर नाक दाबून बाहेर पळायचो. झोपलेल्या माणसाला उठवणं हे आमच्या घरात पाप होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते पाप मी रोज केलं, त्या एका दुपारी मात्र माझा हात अडला. मशीनवरचे आकडे ठीक होते. मी म्हटलं, "बरं. एक तास." आणि कागदावर खरं तेच लिहिलं, पेशंट झोपलेला, उठवले नाही.

तीनला हाक मारली, उत्तर नाही. खांदा दाबला. त्यांनी माझा हात बाजूला सारला, पण पाण्याखालून सारल्यासारखा, आणि घशातून नुसता आवाज काढला, शब्द नाही. नाडी मंदावली होती, रक्तदाब चढला होता. वहिनींकडे बघायची हिंमत झाली नाही.

तिथून पुढे सगळं भराभर झालं. स्कॅनमध्ये सूज देठापर्यंत आलेली, पाणी तुंबलेलं. आमच्या सर्जन, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्या अंधेरीच्या ओपीडीत होत्या. शहाणपणा करून मेट्रोने आल्या, गाडीने निघाल्या असत्या तर साकीनाक्यालाच अडकल्या असत्या. त्या आल्या आल्या मी सांगितलं, "मॅडम, दोनला मी उठवलं नाही. माझी चूक आहे." त्यांनी स्कॅनवरची नजर न काढता म्हटलं, "ते नंतर बोलू. आधी मान भादरायला घ्या."

सहीचा कागद मीच वहिनींपुढे धरला. त्यांनी पेन घेतलं पण टेकवलं नाही.

"मीच निजवलंय तेंका," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही बायको आहात. नोकरी माझी होती. चूक माझी आहे, तुमची नाही. सही करा."

"उठतले ना?"

मॅडम खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "जागा करून देणं माझ्या हातात आहे. उठणं त्यांच्या." वहिनींनी सही केली आणि पेन परत ठेवताना आधी करंगळी टेकवली.

त्या वेळी थिएटरची सिस्टर दुसऱ्या केसमध्ये अडकली होती. मी हात धुतले आणि बऱ्याच वर्षांनी टेबलाशी उभी राहिले. आधी डोक्याच्या पुढच्या भागातून एक बारीक नळी घालून तुंबलेल्या पाण्याला वाट दिली. मग सहा जणांनी मिळून धुरींना पालथं केलं. डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात पक्कं बसवलं, कारण इथे केसभर हलून चालत नाही. मानेच्या मधोमध उभी चीर, स्नायू दोन्हीकडे सारले, आणि मॅडमनी हाड ड्रिलने पातळ करून तुकड्या तुकड्याने कुरतडून काढलं. आतलं आवरण ताणून निळसर झालेलं. त्याला चीर दिली तसा सुजलेला मेंदू बाहेर डोकावला. मेलेला भाग मऊ पडलेला असतो, तो मॅडमनी हळूहळू ओढून घेतला. मी हत्यारं देत होते आणि मनात एकच घोकत होते, दोन वाजता, दोन वाजता.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी बारा वर्षं पाय सुजवून उभी राहिले होते. दाबलेला मेंदू निपचित असतो. दाब सुटला की तो हृदयाच्या तालावर हलायला लागतो, अगदी हलकेच, वरखाली. मॅडमनी हात थांबवला. भूल देणारे डॉक्टरही डोकावून बघून गेले. "बघा सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "झकास चाललाय." माझे डोळे भरले आणि पुसता येत नव्हते, हात निर्जंतुक ना. थिएटरमधल्या एका मुलीने मागून येऊन पुसले.

काढलेलं हाड परत बसवत नाहीत. मानेचे स्नायू जाड, त्यांचं पांघरूण पुरतं. धुरींना घशात श्वासाची नळी असलेल्या अवस्थेत परत माझ्या आयसीयूतल्या खाटेवर आणलं.

दुसऱ्या दिवशी गुंगीची औषधं बंद केली. स्कॅन उत्तम होता. धुरी उठले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. दर तासाला मी हाक मारत होते, दाबत होते. हातपाय थोडे हलायचे, डोळे बंद. मॅडम म्हणाल्या, वाट बघू. मला वाट बघणं जमत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, माझ्या हाकेला कंटाळलेत ते. तुम्ही उठवा."

"माका येना नाय. मी कधी तेंका उठवलंच नाय." खरंच होतं. पाळीच्या वेळेला धुरी स्वतःच उठायचे, गजराशिवाय.

"आज उठवा."

त्या वाकून कानाशी म्हणाल्या, "अहो." ते मलाही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, जोरात. पुन्हा तसंच. आवाज चढवायचा म्हणजे कुठून, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं, चोरी करायला निघाल्यासारखं. पिशवीतून डब्याचं झाकण काढलं, चमचा काढला, आणि बडवायला सुरुवात केली. बाई गं, काय आवाज तो. तीस वर्षांत न झालेल्या सगळ्या शिट्ट्या, सगळी भांडी, सगळं रडणं त्या झाकणातून बाहेर पडलं. पाच खाटांवरचे पाच पेशंट खडबडून जागे झाले. मला त्यांनाही उठवायचंच होतं, माझी फेरी वाचली.

धुरींच्या कपाळाला आठी पडली. मग भुवई हलली. मग उजवा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी एक बोट सरळ केलं. गप्प बसा, असं सांगायला ते बोट ओठांवर न्यायचं होतं. लहान मेंदू अर्धा गेलेला, बोट हेलकावे खात आलं आणि जाऊन नाकपुडीत घुसलं. तिथेच त्यांनी डोळे उघडले आणि बायकोकडे असं रागाने बघितलं की बस.

मी हसायला लागले. वहिनी एका हातात झाकण घेऊन रडत होत्या आणि हसत होत्या, आणि चमचा चालूच होता. मॅडम धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी कोसळलं. नाकात बोट घातलेला आपला पेशंट बघून त्या भिंतीला टेकून हसल्या. एवढ्या नोकरीत मी आयसीयूत असा दंगा कधी होऊ दिला नव्हता.

पुढे नळी निघाली, धुरी बोलायला लागले, कठड्याला धरून चालायला लागले. चाल डोलकर होती, पेला अजून अधूनमधून हनुवटीला लागायचा. घरी जाताना मला म्हणाले, "आता खराच पिल्यासारखो चालतंय, आणि कोणाची बोलूची टाप नाय." मॅडमनी माझ्या दोन वाजताच्या नोंदीबद्दल एकदाच विषय काढला. नव्या मुलींना शिकवताना ती नोंद दाखवा, म्हणाल्या. मी निवृत्तीपर्यंत दाखवत आले.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आले. मी वरून ओपीडीत उतरले तर धुरी बाकावर बसून माझीच वाट बघत होते. काठी होती, पण रंग चांगला आला होता.

"सिस्टर, हिका समजावा. माका झोपूक देना नाय. दर तासाक उठयता. नाव काय, खंय आसात, भाजी कसली. दोन बोटां दाबूक लावता."

वहिनी शेजारी ताठ बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. डोळ्यांखाली काळं झालेलं. "मी एकदा निजवलंय," त्या म्हणाल्या. "आता नाय निजवूचंय."

मी सांगितलं, धोका कधीच टळला, आता झोपले तर ती साधी झोप. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. "मॅडमना सांगा. कागदार लिवन द्या."

मी आत गेले. मॅडमना सांगितलं. त्यांनी हसत केसपेपरवर लिहिलं, पेशंटला हवं तेवढं झोपू द्यावं, खाली सही केली, आणि म्हणाल्या, "बोलवा त्यांना, त्यांचाच नंबर आहे." ओपीडीच्या मुलीने दारातून पुकारलं, "धुरी गणपत." कोणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मी कागद घेऊन बाहेर आले.

वहिनी झोपल्या होत्या. ताठ बसल्या बसल्याच, तोंड किंचित उघडं, डोकं नवऱ्याच्या खांद्यावर कललेलं. मांडीवरची पिशवी घसरत होती, आणि धुरी थरथरत्या हाताने ती अलगद काढून घेत होते. एकदा हात चुकला, दुसऱ्यांदा पट्टा सापडला. पिशवी बाकावर ठेवायच्या आधी त्यांनी करंगळी टेकवली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "पुढच्याक घ्या. तीन म्हयने ती निजूक नाय."

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं, धुरींना वेळ लागेल.